ढगाचा तळ

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१८ मार्च १९२५, बुधवार. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एलिंग्टन गावाजवळ दुपारी एकच्या सुमाराला एक टोर्नेडो जमिनीला टेकला. तिथून तो ईशान्येकडे निघाला, त्यानं मिसिसिपी नदी ओलांडली, इलिनॉयचा दक्षिण भाग आडवा कापला आणि साडेतीन तासांनी इंडियानात विरला. साडेतीनशे किलोमीटर. मुंबई ते सोलापूर सरळ रेघ मारली तर साधारण एवढं अंतर भरतं. हा सगळा एकच टोर्नेडो होता की एकामागून एक उठलेले दोन-तीन, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मेलेल्या माणसांच्या संख्येबद्दल मात्र फारसा वाद नाही. ती ६९५ होती. मर्फिसबरो या एका शहरात २३४ माणसं गेली. डी सोटोच्या शाळेत ३३ मुलं गेली. वेस्ट फ्रँकफर्ट हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथले पुष्कळ पुरुष त्या वेळी जमिनीखाली कामावर होते. वीज गेली म्हणून ते वर आले, तर वर घरं नव्हती. त्या गावच्या मृतांत बायका आणि मुलंच जास्त का, याचं उत्तर एवढंच आहे.

ही माणसं काही शहरातून नुकतीच आलेली नव्हती. त्यांतले पुष्कळ जण पिढ्यान् पिढ्या त्याच मातीत शेती केलेले, आभाळाकडे बघून पेरणी ठरवणारे शेतकरी होते. टोर्नेडो म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. तरी तो समोरून येत असताना अनेकांना ओळखता आला नाही. वाचलेल्यांनी नंतर जे सांगितलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : ढगातून लोंबणारी सोंड दिसलीच नाही. दिसलं ते जमिनीलगत उकळत येणारं काळं धुकं. ते ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं येत होतं. हे वादळाचं धुकं नसून वादळच आहे, हे कळेपर्यंत दार लावायलाही वेळ उरला नाही.

आज मला बोलायचं आहे ते या न ओळखण्याबद्दल. टोर्नेडो तयार कसा होतो हे सांगेनच. ते न सांगता ओळखण्याचं सांगितलं तर ती नुसती पाठांतराची यादी होईल. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टोर्नेडोचं जे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे, त्या चित्राची वाट पाहण्यात माणसं मरतात.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं दरवर्षी जमतो ते सर भूगोल शिकवायचे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि रोज सकाळचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असे. वळवाचा ढग आला की आम्ही पोरं त्याचं वरचं पांढरंशुभ्र डोकं बघत बसायचो. सर म्हणायचे, "डोकं काय बघता, तळ बघा. काय व्हायचं ते तळाशी होतं." सरांनी टोर्नेडो कधी पाहिला नव्हता. मीही पाहिलेला नाही. पण हवामानाच्या अभ्यासात पुढं जे वाचलं, त्यात या वाक्याइतकं उपयोगी वाक्य मला फारसं सापडलं नाही.

आधी थोडा घोळ निस्तरू. निसर्ग, तौक्ते ही समुद्रावरून येणारी चक्रीवादळं. त्यांचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो, ती दिवसचे दिवस चालतात आणि त्यांची वर्दी तीन-चार दिवस आधी मिळते. टोर्नेडोची रुंदी बहुधा शंभर-दोनशे मीटर असते, आयुष्य काही मिनिटांचं. दुसऱ्या बाजूला आपली उन्हाळ्यातली वावटळ. विदर्भ-मराठवाड्यात मोकळ्या रानात दुपारी उठते, पाचोळा नि धूळ फिरवत नेते. ती तापलेल्या जमिनीवरून उठते आणि तिच्या डोक्यावर ढग लागत नाही. टोर्नेडोला ढग लागतोच. आणि मोठ्या टोर्नेडोला बहुधा विशिष्ट जातीचा ढग लागतो.

तो ढग कसा घडतो ते पाहण्यासाठी ओक्लाहोमा राज्यातली मे महिन्यातली एक दुपार घ्या. जमिनीलगत दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट, चिकट हवा आहे. दीड-दोन किलोमीटर वर नैऋत्येच्या पठारांवरून आलेली गरम आणि कोरडी हवा आहे. तिच्याही वर पश्चिमेकडून सुसाट वाहणारा जेट स्ट्रीम. मधली गरम हवा झाकणाचं काम करते. खालची दमट हवा सकाळपासून तापत असते, वर उसळू पाहते, पण झाकण तिला जाऊ देत नाही. झाकण फार पक्कं असेल तर दिवस कोरडाच जातो. फार कच्चं असेल तर सकाळीच पन्नास किरकोळ ढग उठतात आणि सगळी ऊर्जा वाटली जाते. झाकण नेमकं दुपारी उशिरा, नेमकं एखाद-दोन ठिकाणी फुटलं, तर साठलेलं सगळं तिथूनच वर धावतं. तासाभरात पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

आपला वळवाचा ढगही उंच वाढतो, गारा पाडतो, वीज पाडतो. पण तो साधारण अर्ध्या-पाऊण तासात स्वतःलाच संपवतो. वर चढणाऱ्या झोतातच पाऊस कोसळतो आणि त्या थंड पावसानं झोत गुदमरतो. ओक्लाहोमातल्या त्या ढगाचं तसं होत नाही, कारण तिथं उंचीप्रमाणे वारा बदलत जातो. खाली आग्नेयेचा मंद वारा, वर पश्चिमेचा जोरदार वारा. त्यामुळं पाऊस आणि गारा झोतापासून दूर फेकल्या जातात आणि झोत तासन् तास जिवंत राहतो.

वाऱ्याच्या या फरकाचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. पोळपाट स्थिर आणि वरून हात पुढं सरकतोय, म्हटल्यावर मधलं लाटणं गोल फिरतं. तसा खालच्या संथ आणि वरच्या वेगवान वाऱ्यांमधला हवेचा थर आडव्या आसाभोवती लोळू लागतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. मग वर चढणारा झोत या लोळणाऱ्या हवेला मधेच उचलतो आणि आडवा आस उभा होतो. आता सगळा झोतच फिरू लागतो. तीन ते दहा किलोमीटर रुंदीचा, सावकाश फिरणारा झोत ज्याच्या पोटात आहे, अशा ढगाला सुपरसेल म्हणतात. हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी १९६० च्या दशकात दिलं, आणि तेही इंग्लंडमधल्या एका गारपिटीच्या अभ्यासातून.

इथपर्यंतचं शास्त्र बरंचसं पक्कं आहे. गोम पुढं आहे. झोतानं उभं केलेलं हे फिरणं असतं ढगाच्या मध्यावर, दोन-चार किलोमीटर उंचीवर, आणि झोत तर वर चाललेला. मग फिरणं जमिनीपर्यंत पोचतं कसं? त्यासाठी खाली येणारी हवा लागते. पाऊस-गारांनी थंड झालेली हवा ढगाच्या मागच्या बाजूनं खाली कोसळते, वळसा घालून झोताच्या पायाशी येते आणि येताना आपल्याबरोबर जमिनीलगत फिरणं आणते. झोत ते फिरणं पकडून वर ताणतो. ताणलं की ते बारीक होतं, आणि फिरणारी वस्तू आसाकडे आकसली की तिचा वेग वाढतो. दोन-तीन किलोमीटरचं संथ फिरणं शंभर मीटरवर आलं की तो टोर्नेडो.

यात एक अट आहे, आणि तिच्यामुळंच भाकीत अवघड होतं. ती खाली आलेली हवा फार थंड असेल तर जड असते. झोत तिला उचलूच शकत नाही आणि सगळा डाव फिसकटतो. ती जराशीच थंड असावी लागते. १९९४-९५ साली आणि पुन्हा २००९-१० साली शास्त्रज्ञांनी व्हॉर्टेक्स नावाच्या मोहिमा काढल्या, गाड्यांवर रडार बसवून ढगांमागं फिरले. त्यातून एक गोष्ट ठसठशीतपणे पुढं आली. पोटात फिरणं असलेल्या बहुतेक ढगांतून टोर्नेडो येतच नाही. शेजारी-शेजारी दोन सुपरसेल, रडारवर जुळे वाटावेत असे. एक गाव उद्ध्वस्त करतो, दुसरा नुसता पाऊस पाडून जातो.

आणि आता ती सोंड. सोंड म्हणजे वारा नव्हे. वारा पारदर्शक असतो. फिरणाऱ्या हवेच्या पोटात दाब एकदम उतरतो, हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि त्या थेंबांची सोंड आपल्याला दिसते. दाब किती उतरतो? टिम सॅमरस नावाच्या एका हरहुन्नरी अभियंत्यानं जमिनीला चिकटून राहील असं बुटकं, शंकूच्या आकाराचं यंत्र बनवलं होतं. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या छोट्या वस्तीजवळ ते त्यानं टोर्नेडोच्या वाटेत ठेवलं आणि तो पळाला. टोर्नेडो यंत्रावरून गेला. काही क्षणांत शंभर मिलिबारची घट नोंदली गेली. एरवी एवढ्या फरकासाठी जवळजवळ किलोमीटरभर उंच चढावं लागतं. पण हवा कोरडी असेल तर सोंड अर्ध्यावरच संपलेली दिसते, आणि तिच्या खाली जमिनीवर मात्र पत्रे उडत असतात. "अजून टेकला नाही" असं म्हणत लोक बघत राहतात. तो केव्हाच टेकलेला असतो.

टोर्नेडो बघून नव्हे तर तो गेल्यावर उरलेलं बघून त्याचा अभ्यास ज्यानं उभा केला तो माणूस जपानी होता. तेत्सुया फुजिता, जन्म १९२०, क्युशू बेटावरचा. ऑगस्ट १९४५ मध्ये तो कोकुरा शहराजवळच्या तोबाता इथल्या तंत्रमहाविद्यालयात शिकवत होता. ९ ऑगस्टला दुसऱ्या अणुबाँबचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. शहर नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाला गेला आणि जळालेल्या खुणा, पडलेल्या झाडांच्या दिशा यांवरून स्फोट कुठं, किती उंचीवर झाला असावा याचा हिशेब मांडत बसला. आडवं झालेलं झाड कुठल्या दिशेला पडलं आहे याला अर्थ असतो, ही नजर तिथली. १९५३ साली तो शिकागो विद्यापीठात गेला. १९५७ च्या जूनमध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावर टोर्नेडो आला तेव्हा गावातल्या लोकांनी भरपूर फोटो काढले होते. फुजितानं ते गोळा केले, प्रत्येक फोटो कुठून आणि किती वाजता काढला हे जुळवलं आणि ढग मिनिटागणिक कसा बदलत गेला याची मांडणी केली. ढगाच्या तळाखाली उतरलेल्या फिरत्या पायरीला वॉल क्लाउड हे नाव त्यानं तेव्हा दिलं. ते आज प्रत्येक निरीक्षकाच्या तोंडी आहे.

१९७१ साली त्यानं नुकसानीवरून टोर्नेडोची प्रतवारी ठरवली. तिची सुधारलेली आवृत्ती २००७ पासून अमेरिकेत वापरात आहे : ईएफ शून्य ते ईएफ पाच. ही प्रत वाऱ्याचा वेग मोजून दिली जात नाही. पडलेलं घर बघून दिली जाते. मोकळ्या माळावर कितीही भयंकर टोर्नेडो येवो, पाडायला काही नसेल तर त्याची प्रत खालचीच लागते. हा माणूस आयुष्यभर टोर्नेडोच्या मागावर राहिला, आणि स्वतःच्या डोळ्यांनी त्यानं पहिला टोर्नेडो पाहिला तो १९८२ साली, साठी उलटल्यावर.

आता भाकिताकडं येतो. इथं एक गमतीची गोष्ट आहे, गंभीरही आहे. १८८४ साली अमेरिकन सैन्याच्या संदेश विभागातला जॉन फिनली नावाचा सार्जंट टोर्नेडोचे अंदाज देऊ लागला. आपले २८०३ पैकी ९६.६ टक्के अंदाज बरोबर आले असं त्यानं जाहीर केलं. टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं की रोज डोळे मिटून "आज टोर्नेडो येणार नाही" एवढंच म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते! दुर्मीळ गोष्टीच्या भाकितात टक्केवारी किती फसवी असते हे अजूनही विद्यार्थ्यांना याच उदाहरणानं शिकवतात. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. फिनलीनं २८ टोर्नेडो आधी सांगितले होते. "येणार नाही" म्हणणाऱ्यानं एकही सांगितला नसता.

त्यानंतर काय झालं? अंदाजात "टोर्नेडो" हा शब्द वापरायचाच नाही असं ठरलं. लोक घाबरतील, घाबरून जास्त नुकसान करून घेतील, हे कारण. १८८० च्या दशकात सुरू झालेली ही बंदी पुढं पन्नास वर्षं टिकली. १९२५ चा टोर्नेडो या काळातला आहे हे लक्षात घ्या. सरकारी खात्यानं शब्द गाळला म्हणून वादळ थांबत नाही, ही गोष्ट खात्यांना सगळ्याच देशांत उशिरा कळते.

ही कोंडी फुटली ती लष्करामुळं. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला. त्या संध्याकाळी अंदाज देणारा कॅप्टन रॉबर्ट मिलर नव्यानं बदलून आलेला होता. त्यानं फक्त जोरदार वारे वाहतील असं म्हटलं होतं. उभी विमानं चक्काचूर झाली. चौकशी समितीनं निवाडा दिला की अशा गोष्टीचं भाकीत होऊच शकत नाही. तळाचे प्रमुख जनरल बोरम यांचं त्यावर समाधान झालं नाही. त्यांनी मिलर आणि त्याचा वरिष्ठ मेजर फॉबुश यांना कामाला लावलं. दोघांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढून पाहिले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला सकाळी, समोरचा नकाशा २० तारखेसारखाच दिसायला लागला. एकाच जागी पाच दिवसांत दुसऱ्यांदा? शक्यता नगण्य. पण जनरलनी विचारलं, देताय का इशारा? दुपारी त्यांनी तो दिला. विमानं आत घेतली, माणसं सुरक्षित जागी हलवली. मिलर संध्याकाळी घरी गेला, आता आपली नोकरी गेली असंच धरून. सहाच्या सुमाराला टोर्नेडो तळावरून गेला. मिलरला ते रेडिओवर कळलं. कुणालाही इजा झाली नव्हती.

रडारचं थोडक्यात सांगतो. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉयमध्ये रडारच्या पडद्यावर पावसाच्या डागाला फुटलेला गळासारखा आकडा पहिल्यांदा दिसला. तो टोर्नेडोच्या ढगाचा होता. १९७३ साली ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा टोर्नेडो डॉप्लर रडारनं टिपला : वारा एका बाजूला रडारकडे येतोय, लगतच दूर जातोय, म्हणजे मधे काहीतरी फिरतंय. नव्वदच्या दशकात अशा रडारांचं जाळं देशभर झालं. आता तर हवेत उडालेला घरांचा मलबासुद्धा पावसापासून वेगळा ओळखता येतो. तो दिसला म्हणजे टोर्नेडो आहे यात शंका राहत नाही. पण तोवर कुणाचं तरी घर गेलेलं असतं.

मग डोळ्यांनी काय बघायचं? तळ बघायचा. ढगाच्या पावसाच्या कडेला, बहुधा नैऋत्येच्या बाजूला, पाऊस न पडणारा सपाट काळा तळ असतो. त्याखाली एखादी पायरी उतरली आहे का? उतरली असेल तर ती फिरते आहे का, आणि दहा-पंधरा मिनिटं टिकून आहे का? ढगाखाली फाटक्या चिंध्या नेहमीच लोंबतात. त्या सोंडेसारख्याही दिसतात. त्या फिरत नसतील तर सोडून द्या. वादळाच्या पुढच्या बाजूला लांबच लांब पट्ट्यासारखा खाली आलेला ढग असेल आणि त्याच्याकडून गार वारा तुमच्या अंगावर येत असेल, तर तो बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचा ढग. फिरत्या पायरीकडे वारा आत ओढला जातो, पाठीमागून येऊन तिच्याकडे जातो. मग तिच्या खालची जमीन बघा. सोंड असो-नसो, खाली धूळ किंवा मलबा गोल फिरत असेल तर तो टोर्नेडो.

गारा धो धो पडल्या आणि अचानक सगळं थांबलं, की माणसं सुटलो म्हणून बाहेर येतात. सुपरसेलची रचना आठवा : गारांचा पट्टा पुढं, फिरणारा झोत त्याच्या मागं. गारा थांबणं हा झोत जवळ आल्याचाही अर्थ असू शकतो. आवाजाचं म्हणाल तर विजेचा गडगडाट उठतो आणि विरतो. टोर्नेडोचा आवाज घुमत राहतो, वाढत जातो. रात्री आकाशात नव्हे तर जमिनीलगत निळ्या-हिरव्या ठिणग्या चमकत असतील, तर त्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर तुटल्याच्या आहेत. आभाळ हिरवं झालं म्हणजे टोर्नेडो, असं तिथं पुष्कळ लोक मानतात. नुसत्या गारांच्या ढगाखालीही आभाळ हिरवं होतं. त्यावर विसंबू नये.

सगळ्यांत कामाची खूण ही. टोर्नेडो दिसतो आहे, पण डावीकडे किंवा उजवीकडे सरकत नाहीय. एखादा खांब धरून बघितलं तरी जागेवरच. फक्त मोठा होतो आहे. तो उभा नाही. तो तुमच्याकडे येतो आहे.

एवढं सगळं माहीत असलं की माणूस वाचतो का? ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळचा टोर्नेडो काही मिनिटांत फुगून ४.२ किलोमीटर रुंद झाला, पावसात लपला, त्यानं दिशा बदलली आणि वेग वाढवला. त्यात टिम सॅमरस, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यांच्या मोटारीत गेले. टोर्नेडोचा अंदाज घेण्यात टिमच्या तोडीचे फार थोडे होते. त्याच्याही मनातल्या अंदाजापेक्षा तो टोर्नेडो वेगळा वागला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण मिसुरीतलं जॉप्लिन. २२ मे २०११, रविवार. पहिला सायरन ५ वाजून ११ मिनिटांनी वाजला. टोर्नेडो शहराच्या पश्चिम कडेला टेकला तो ५.३४ ला. वीस मिनिटांहून अधिक अवधी, म्हणजे चैनच. तरी १५८ माणसं गेली. हवामान खात्याच्या पथकानं नंतर वाचलेल्यांना विचारलं, तेव्हा दिसलं की पहिल्या सायरनवर बहुतेक लोक हललेच नाहीत. सायरन नेहमीच वाजतो, आपल्याकडे कधी येत नाही, हा अनुभव. काहींनी टीव्ही लावला, काहींनी फोन केले, काही दारात येऊन बघू लागले. दारात आलेल्यांना काय दिसलं? पाऊस. तो टोर्नेडो पावसाच्या पडद्यात होता. चित्राशी जुळणारं काही दिसलं नाही म्हणून ते थांबले.

मी त्या लोकांना बेफिकीर म्हणणार नाही. टोर्नेडोचे बहुसंख्य इशारे फुकट जातात, कारण फिरणाऱ्या बहुतेक ढगांतून टोर्नेडो येत नाही हे मघाशीच पाहिलं. फिनलीचं गणित इथं पुन्हा समोर येतं. "काही होणार नाही" म्हणणारा बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. इशारा ऐकून खाली जाणारा दहातल्या सात-आठ वेळा खुळा ठरतो, आणि त्यानं ते चालवून घ्यायचं असतं. यापलीकडं मला तरी दुसरा उपाय दिसत नाही.

चुकीचं चित्र कसं पसरतं तेही बघा. १९९१ च्या एप्रिलमध्ये कॅन्ससमध्ये टीव्हीच्या माणसांनी महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेतला आणि चित्रीकरण केलं. ते वाचले, कारण टोर्नेडो दुबळा होता आणि थेट वरून गेला नाही. ती फीत जगभर दाखवली गेली आणि पुलाखाली शिरावं असं लोकांच्या डोक्यात बसलं. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा मोजला गेला, त्या दिवशी पुलांखाली थांबलेली तीन माणसं गेली. पुलाखाली वारा आणखी जोरानं घुसतो आणि मलबा घेऊन घुसतो. तशीच खिडक्या उघडून दाब सारखा करण्याची समजूत. घर दाबानं फुटत नाही. वारा आत शिरतो आणि छप्पर उचलतो. खिडक्या सोडा आणि आत पळा.

आपल्या सभागृहात बसलेल्यांपैकी बरेच जण मुला-सुनांकडे डॅलस भागात जाऊन आले असतील, आणि जातात ते नेमके एप्रिल-मे मध्ये. त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. खालच्या मजल्यावरची, बाहेरची भिंत आणि खिडकी नसलेली खोली, म्हणजे जिन्याखालचं कपाट किंवा आतलं बाथरूम, पोचल्या दिवशीच बघून ठेवा. डोक्याला काही जाड घ्या, पायात बूट घाला. नंतर काचांवरून चालावं लागतं. मोटारीत बसून पळू नका. २६ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी त्याच भागातल्या गार्लंडवरून गेलेल्या टोर्नेडोत दहा माणसं गेली, त्यातली बहुतेक मोटारींत होती. आणि तो महिना बघा, डिसेंबर. इशारे काउंटीच्या नावानं येतात आणि पाहुण्यांना आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच ठाऊक नसतं. सुनेला विचारून घ्या आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि मेहेरबानी करून गॅलरीत जाऊन व्हिडिओ काढत बसू नका.

जगातला सगळ्यांत जीवघेणा टोर्नेडो मात्र अमेरिकेतला नाही. तो २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशच्या माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर आणि साटुरिया भागात आला. सुमारे १३०० माणसं गेली. ओक्लाहोमातली मांडणी आठवा आणि नकाशा बदला. आखाताच्या जागी बंगालचा उपसागर, नैऋत्येच्या पठारांच्या जागी छोटा नागपूरचं तापलेलं पठार, आणि वर पश्चिमेचा जोरदार वारा. मार्च ते मे मध्ये कालबैशाखीची वादळं येतात तेव्हा हे तिन्ही एकत्र येतात. २४ मार्च १९९८ ला ओडिशा-बंगाल सीमेवर दांतनजवळ हेच झालं, ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीतल्या मयनागुडी भागात काही मिनिटांत हेच झालं. महाराष्ट्रात वळवाचे दिवस तेच असले तरी वाऱ्यांची अशी चळत क्वचितच जुळते, म्हणून आपल्याला हा विषय परका वाटतो.

माणिकगंजमध्ये सायरन नव्हते, तळघरं नव्हती. घरं बांबूची आणि पत्र्याची. वारा पहिल्या झटक्यात पत्रे उचलतो आणि मग तेच पत्रे माणसांना कापत जातात. तिथल्या माणसाला ढगाचा तळ कितीही वाचता आला तरी जायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. बांगलादेशानं किनाऱ्यावर चक्रीवादळांसाठी पक्के निवारे बांधले आणि त्यांनी लाखो जीव वाचवले. पण तिथं पोचायला काही तास मिळतात. टोर्नेडोसाठी निवारा हाकेच्या अंतरावर हवा, प्रत्येक वस्तीत हवा. निदान शाळेची एक खोली तरी सिमेंटच्या स्लॅबची असावी, तिच्या खिडक्या लहान असाव्यात, आणि दुपारी ढग आला की तिचं कुलूप काढायची जबाबदारी कुणावर तरी नावानिशी असावी. त्याचा खर्च रडारच्या मानानं काहीच नाही.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढं पाठवा.